नळीत उरलेली हवा

फिटरच्या दुसऱ्या वर्षाच्या पोरांना हवेचा धडा शिकवताना मी फळ्यावर आधी काही लिहीत नाही. कंप्रेसर सुरू करायला लावतो. टाकी भरून काटा सातवर आला की एकाला सांगतो, मोटर बंद कर, टाकीचा कॉकही बंद कर. धडधड थांबते. मग विचारतो, "आता हवा आहे का?"

"नाही सर." सगळे एका सुरात.

मी नळीच्या टोकाची गन हातात घेतो, कोपऱ्यात टांगलेल्या रिकाम्या पोत्याकडे तिचं तोंड करतो आणि घोडा दाबतो. पोतं फाडकन भिंतीवर आपटतं. पुढची रांग अर्धं पाऊल मागे सरकते.

"सर, हे कुठून आली?"

"नळीतून. टाकी तुम्ही बंद केली. नळी कोणी रिकामी केली?"

तालुक्याच्या आयटीआयमध्ये शिकवायला लागून मला सतरा वर्षं झाली. अभ्यासक्रमात हवेच्या यंत्रांचं प्रकरण आहे. फिल्टर, रेग्युलेटर, लुब्रिकेटर, व्हॉल्व्ह, सिलिंडर, त्यांच्या आकृत्या. ते सगळं मी शिकवतो. पण सगळ्यात जास्त वेळ या एका प्रश्नावर घालवतो. पुढे यातली अर्धी पोरं गॅरेजात, टायरच्या दुकानात, कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये जाणार. तिथे त्यांच्या हातात हवेवर चालणारी गन असेल, ग्राइंडर असेल, छिन्नी-हातोडा असेल, आणि तिथला जुना माणूस त्यांना सांगेल, "हवाच त हाय, काय होते?" हे वाक्य मी स्वतः ऐकलेलं आहे, आणि म्हटलेलंही आहे.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात. खाली सगळा काळा पाषाण, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर बसून झालेला. वर दोन-तीन हात काळी माती, खाली मुरूम, मग भोकाभोकांचा मांजऱ्या, आणि त्याच्याखाली घण मारला तर ठिणगी देणारा दगड. मुरमापर्यंत टिकाव-फावड्याने निभतं. दगड लागला की कंप्रेसर बोलवावा लागतो. ट्रॅक्टरच्या मागे बसवलेला कंप्रेसर काठावर उभा राहतो, नळी विहिरीत उतरते, आणि खाली एक माणूस जॅकहॅमर दगडावर उभा धरून भोकं पाडतो. भोकात सुरुंग भरतात. तो विषय वेगळा, त्याचा परवाना वेगळा, आणि त्याची भीती सगळ्यांनाच असते. सुरुंग उडवायच्या वेळी पोराबाळांना दोन वावरं लांब नेऊन बसवतात. हवेसाठी कोणी कोणाला लांब नेलेलं मी पाहिलं नाही.

तो जॅकहॅमर माझे बाबा धरायचे. तेवीस वर्षं धरला. ट्रॅक्टर दुसऱ्याचा, कंप्रेसर दुसऱ्याचा, हात बाबांचे. मजुरी फुटावर. दिवसभरात जितके फूट भोक, तितका पैसा. ही फुटावरची मजुरी लक्षात ठेवा, कारण पुढे जे काही सांगणार आहे त्यातलं पुष्कळसं तिच्यातूनच निघतं. नळी गळते म्हणून थांबलं तर त्या वेळाचे पैसे कोण देणार? शिर, म्हणजे मशीनचं भोक पाडणारं टोक, बोथट झालं म्हणून वर चढून दुसरं आणायला गेलं तर तेवढं भोक राहिलं.

बारावीत नापास झालो त्या वर्षी मीही बाबांसोबत जायला लागलो. माझं काम वरचं. कंप्रेसरवर लक्ष ठेवायचं, तेल-पाणी पाहायचं, नळी सोडायची, ओढायची. सोबत एक काका असायचे, बाबांचे जुने जोडीदार. एका दुपारी नळीच्या मधल्या जोडातून हवा सुसू करत निघायला लागली. आमच्याकडे दोन नळ्या जोडायला दाताची कपलिंग असते. दोन्हीचे दात एकमेकांत अडकवायचे, थोडं फिरवलं की ती बसते. तिला अडकवून ठेवणारी पिन आमच्या जोडाला कधीच नव्हती. पिनेच्या जागी बांधणीची तार होती, सेंट्रिंगवाले सळया बांधायला वापरतात ती. नळीवरचे क्लॅम्पही तसेच तारेचे.

मी कॉक बंद केला. खाली बाबांचं मशीन थांबलेलं होतं, ते बिडी पेटवत होते. काका नळी उचलून धरायला वाकले. मी तार सोडवली आणि कपलिंग फिरवली.

आवाज आठवतो, बाकीचं तुकड्यातुकड्यांनी. कपलिंग माझ्या हातात राहिली नाही. नळीचं टोक एकदा जमिनीवर, एकदा ट्रॅक्टरच्या चाकावर आणि मग काकांच्या जबड्यावर आपटलं. लोखंडाचं तोंड असलेली नळी होती ती. काका ओरडलेही नाहीत, फक्त खाली बसले आणि ओंजळ तोंडापाशी धरली. ओंजळीत रक्त आणि तीन दात. मोटारसायकलवर मध्ये बसवून आम्ही त्यांना यवतमाळला नेलं. जबड्याला तारा घातल्या. महिनाभर पातळ खाल्लं. ट्रॅक्टरवाल्याने पहिलं बिल दिलं, पुढचं नाही. आजही काका डाव्या बाजूने चावतात. मला त्यांनी कधी शब्दाने दुखावलं नाही, पण त्यांच्या घरी जेवायला बसलो की मला ते डावीकडून चावणं दिसतं.

गावात लोक म्हणाले, "अबे, हवाच त होती. हवेनं का कोणाचे दात पडतेत?"

पुढे आयटीआयला शिकायला आलो तेव्हा मी या प्रश्नाचा हिशेब करून पाहिला. आमची नळी पाऊण इंची, शंभर फूट. तिच्या पोटात साडेआठ लिटरच्या आसपास जागा. दर चौरस सेंटीमीटरला सात किलोच्या दाबाने तेवढ्या जागेत जी हवा कोंबलेली असते ती मोकळी झाली की पासष्ट-सत्तर लिटर होते. म्हणजे कॉक बंद करून "हवा बंद झाली" असं मी समजलो तेव्हा त्या नळीत चार-पाच घागरी हवा एका घागरीहूनही कमी जागेत दाबून बसलेली होती, आणि बाहेर पडायला तिला मी तोंड करून दिलं. पाण्याच्या नळीचा कॉक बंद करून जोड थोडा सैल केला की दाब लगेच उतरतो, कारण पाणी दाबलं तरी जवळपास तेवढंच राहतं. हवा दबते, आणि दबलेली हवा वाट पाहत राहते. बॉइलने हे १६६२ मध्ये मांडलं. मी शाळेत त्याचा नियम पाठ केला होता, पूर्ण गुण मिळवले होते. विहिरीच्या काठावर तो मला आठवला नाही.

त्या दिवशी करायचं होतं ते एवढंच. कॉक बंद केल्यावर बाबांना हाक मारायची, "बाबा, घोडा दाबा," खालचं मशीन दोन-चार ठोके मारून आपोआप मरतं, आणि नळी सैल पडते. सैल पडली का ते हाताने दाबून पाहायचं. भरलेली नळी लाकडासारखी लागते, रिकामी बोटाखाली दबते. मग कपलिंगला हात लावायचा. दहा सेकंदांचं काम आहे. शिर बदलताना, सॉकेट बदलताना, ग्राइंडरची चकती बदलताना, मशीन जमिनीवर ठेवून चहाला जाताना, प्रत्येक वेळी हेच दहा सेकंद.

अमेरिकेत बांधकामाच्या नियमांत अर्ध्या इंचापेक्षा मोठ्या प्रत्येक नळीला उगमाशीच असं एक साधन लावणं बंधनकारक आहे की नळी फुटली किंवा सुटली तर ते दाब आपोआप कमी करतं. शिवाय हत्यार नळीतून चुकून निसटू नये म्हणून पक्कं अडकवलेलं असलं पाहिजे, आणि नळीला धरून हत्यार वर ओढायचं किंवा खाली सोडायचं नाही. हे शेवटचं वाचलं तेव्हा मी पान मिटून बसलो होतो. पंचवीस किलोचा जॅकहॅमर आम्ही रोज संध्याकाळी नळीला धरूनच वर ओढायचो, आणि खाली बाबा उभे असायचे.

जोडाच्या दोन्ही बाजूंना बांधणारी पोलादी दोरी बाजारात मिळते. जोड सुटला तरी नळी फटकारत नाही, जागीच लोंबकळते. ती आणि कपलिंगची पिन, दोन्ही मिळून एका दिवसाच्या मजुरीतही येतील. आमच्याकडे ती का नव्हती याचं उत्तर मी खूप वर्षं गरिबी असं देत होतो. आता तसं वाटत नाही. सुरुंगाच्या तोट्यांसाठी पैसे निघत होतेच. पिनेसाठी निघाले नाहीत, कारण पीन हवेसाठी होती.

आमच्या उन्हाळ्याबद्दलही बोललं पाहिजे, कारण हवेशी माणसाची सलगी उन्हाळ्यात वाढते. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, विहिरीत वारा नसतो, काळा दगड भट्टीसारखा तापतो. आणि त्या भट्टीत एकच थंड वस्तू असते ती म्हणजे जॅकहॅमर. दाबलेली हवा मशीनमधून बाहेर पडताना पसरते, पसरताना थंड होते. बाहेर पडणारी हवा इतकी गार लागते की मशीनच्या अंगावर घाम धरतो, भर उन्हात पाण्याचे थेंब. खाली काम करणारे लोक त्या हवेसमोर छाती धरून उभे राहायचे. जेवणाच्या सुट्टीत तर सरळ नळीच काढायची, शर्टात सोडायची. मी स्वतः मानेवर घेतली आहे. त्या वेळी ते सुख वाटायचं, हे खोटं कशाला सांगू?

पण त्या नळीतून नुसती हवा येत नाही. कंप्रेसरचं तेल येतं, टाकीतलं गंजाचं पाणी येतं, नळीच्या तोंडाशी लागलेली दगडाची कणी येते. कणी डोळ्यात गेली तर संपलं. कातडीला कुठे चीर असेल तर हवा आत शिरून कातडीखाली पसरते, हात भाकरीसारखा फुगतो. कानाजवळ एक झोत पडदा फाडायला पुरेसा होतो. स्वच्छतेसाठी हवा वापरायचीच असेल तर अमेरिकेतल्या कारखान्यांच्या नियमात दाब दर चौरस इंचाला तीस पौंडांच्या खाली आणायचा आहे, म्हणजे आपल्या काट्यावर दोन किलो. तेही डोळ्यांवर चष्मा लावून आणि उडणारा कचरा अडवायची सोय करून. यंत्र, टेबल, साचा साफ करायला ही मुभा. माणसाच्या अंगावर तर हवा कोणत्याच दाबाची मारू नये. आमच्या वर्कशॉपमध्ये मी ब्लो गनच्या फांदीवर वेगळा रेग्युलेटर लावून घेतला आहे, दोनवर बांधून ठेवलेला. पोरं कुरकुरतात की साफ व्हायला वेळ लागतो. लागू दे. त्यांच्यासाठी ब्रश ठेवलेत.

जिनिंगमधली गोष्ट सांगताना मला अजून जड जातं. दिवाळीनंतर आमच्या भागातल्या जिनिंग सुरू होतात, राळेगाव, वणी, हिंगणघाट, जिकडे पाहाल तिकडे कापसाच्या गाड्या. आत काम करणाऱ्या माणसाच्या भुवया, पापण्या, मिशा, सगळं पांढरं होतं. पाळी सुटली की मशीन साफ करायची नळी घेऊन एकमेकांचे कपडे झाडायची सर्रास पद्धत. त्यात ती रुईची धूळ पुन्हा हवेत उडते आणि ज्यांची पाळी सुरू होते त्यांच्या छातीत जाते, हे एक. दुसरं म्हणजे थट्टा. माझ्याकडून शिकून गेलेला एक पोरगा एका जिनिंगमध्ये लागला होता. पहिल्याच हंगामात, कपडे झाडता झाडता, सोबतच्या दोघांनी हसत हसत त्याला वाकवलं आणि नळी मागून धरली. पँटवरूनच. एक-दोन सेकंद. आतडं फाटलं. नागपूरला दोनदा ऑपरेशन झालं, कित्येक महिने पोटावर पिशवी होती. तो वाचला. अशा बातम्या देशात कुठून ना कुठून वाचायला मिळतात, आणि त्यांतले बरेच जण जगलेले नसतात.

ज्यांनी ते केलं ते दोघं वाईट नव्हते. दवाखान्याच्या व्हरांड्यात ते रात्रभर उकिडवे बसून होते. त्यातला एक मला म्हणाला, "सर, मले वाटलं गुदगुल्या होतीन." मी त्याच्यावर ओरडायला गेलो होतो, ओरडू शकलो नाही. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून हा विषय वर्गात मी आडपडदा न ठेवता सांगतो. शरीराच्या भागाचं नाव घेऊन. पोरं आधी हसतात, मग ऑपरेशनचं ऐकून गप्प होतात. मुलींचीही बॅच असते, त्यांच्यासमोरही सांगतो, कारण उद्या त्या कुठेतरी सुपरवायझर असतील.

काकांचा जबडा आणि त्या पोराचं आतडं एका क्षणात गेलं. बाबांचं तसं नव्हतं.

आमच्याकडे हिवाळा लहान, पण डिसेंबरच्या पहाटे शेत-शिवारात चांगलाच गारठा असतो. मी सातवी-आठवीत असेन. बाबा गाय दोहायला बसायचे आणि मध्येच उठून यायचे. शेकोटीजवळ हात धरायचे. एकदा मी कंदील जवळ नेला तर त्यांची डाव्या हाताची तीन बोटं पांढरी दिसली. फिकट नाही, पांढरी. चुन्यात बुडवून काढल्यासारखी, आणि चुना जिथे संपतो तिथे सरळ रेघ, रेघेच्या अलीकडे नेहमीचा सावळा हात. शेकल्यावर ती निळसर झाली, मग लालबुंद, आणि मग बाबा दात आवळून बसले, कारण रक्त परत येताना आग होते. मायला वाटलं लकवा येतो आहे. एका डॉक्टरने वात म्हटलं, दुसऱ्याने शुगर तपासली, ती नव्हती. कामाचं कोणीच विचारलं नाही. बाबांनीही सांगितलं नाही, कारण कामाने बोटं पांढरी होतात हे त्यांना तरी कुठे माहीत होतं?

जगाला मात्र माहीत होतं. दगड फोडायला दाबलेल्या हवेची यंत्रं मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा वापरली ती आल्प्समधल्या फ्रेजुसच्या बोगद्यात, १८६१ पासून. पन्नास वर्षांनी, १९११ मध्ये, इटलीतल्या लोरिगा नावाच्या डॉक्टरांनी अशी हत्यारं धरणाऱ्या कामगारांच्या हातांबद्दल लिहिलं. १९१८ मध्ये अॅलिस हॅमिल्टन या डॉक्टरबाई अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात बेडफर्डच्या दगडखाणींत गेल्या. तिथले पाथरवट हवेच्या हातोड्याने चुनखडीचा दगड घडवायचे. बाईंनी पाहिलं की थंडीत त्यांची बोटं पांढरी पडतात, आणि ज्या डाव्या हाताने छिन्नी धरतात त्याची जास्त. वर्षभराने त्या हार्वर्डमध्ये शिकवायला लागल्या, तिथल्या पहिल्या स्त्री प्राध्यापक. मी हे वाचलं तेव्हा बाबांनी काम सोडून पाच वर्षं झाली होती. बाईंचं वर्णन वाचताना मला आमच्या अंगणातला कंदील आठवत होता.

थरथरीने बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आणि नसा खराब होत जातात. थंडी मिळाली की रक्तवाहिन्या आवळतात आणि बोट पांढरं पडतं. आणि मशीनमधून निघणारी ती गार हवा, जिच्यापुढे आम्ही उन्हाळ्यात छाती धरायचो, तीच हिवाळ्यात हातावर येऊन हे दुखणं वाढवते. बिडीनेही वाढतं, खर्ऱ्यानेही, कारण तंबाखूसुद्धा रक्तवाहिन्या आवळते. बाबा दोन्ही घ्यायचे. खाली विहिरीत दुसरा विरंगुळा तरी काय होता?

ब्रिटनमध्ये २००५ पासून या थरथरीला मोजमाप लावलेलं आहे. आठ तासांच्या दिवसाला सरासरी अडीच मीटर प्रति सेकंद वर्ग एवढी झाली की मालकाने उपाय सुरू करायचे, पाचच्या वर जाऊच द्यायची नाही. यातला हिशेब पोरांना मी फळ्यावर करून दाखवतो, कारण तो सरळ त्रैराशिकाचा नाही. थरथर दुप्पट झाली की मुभेचा वेळ निम्मा होत नाही, पाव होतो. म्हणजे पाचच्या मशीनवर आठ तास, दहाच्या मशीनवर दोन तास, आणि वीसच्या मशीनवर अर्धा तास. दगड फोडणारी जुनी, हातात धरायची मशीनं या वीसच्या घरात सहज जातात. अर्धा तास. बाबा सहा-सात तास धरायचे, तेही बोथट शिराने, मांडी आणि पोट लावून दाबून, कारण फूट वाढवायचे असायचे. बोथट शिराने थरथर वाढते आणि वेळही वाढतो. जोराने दाबल्याने, घट्ट आवळून धरल्याने ती हातात जास्त शिरते. मशीनचं वजन दगडावर असू द्यावं, हाताने फक्त सरळ ठेवावं, हे कोणीतरी शिकवायला हवं होतं. थरथर अडवणारे म्हणून विकले जाणारे हातमोजे अशा मशीनवर फारसे कामाला येत नाहीत. साधे हातमोजे हात ऊबदार ठेवतात, तेवढ्यासाठी ते घालावेत. खरा उपाय आलटून पालटून धरणं. दोन माणसं असतील तर वीस-वीस मिनिटांनी हात बदलणं. काका वर होते, बाबा खाली होते. त्यांना हे सुचलं असतं, पण भोक पाडणाऱ्याचा दर वेगळा आणि वरच्याचा वेगळा होता.

२०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने कायद्यात दाबाच्या यंत्रांबद्दल कलम ३१ होतं, डोळ्यांच्या संरक्षणाचं कलम ३५ होतं. वर्गात ती वाचून घेतो. पण वावराच्या मधोमध, एका ट्रॅक्टरवर तीन माणसं, याला कारखाना कोण म्हणणार? तिथे निरीक्षक येत नाही. तिथे जे काही असेल ते त्या तिघांना माहीत असलेलं असतं, तेवढंच. म्हणून मला शिकवण्याची घाई असते.

धुळीचं आणि कानाचं थोडक्यात सांगतो. कोरडं भोक पाडताना निघणारा धूर हा धूर नसतो, दगडाचं पीठ असतं. काळ्या पाषाणात गारेचा, म्हणजे फुफ्फुसं खराब करणाऱ्या सिलिकाच्या खनिजाचा, अंश कमी, पण मांजऱ्याच्या भोकांत गार बसलेली असते, आणि चंद्रपूरकडच्या वाळूच्या दगडात तर भरपूर. भोकात पाणी सोडत राहिलं की पीठ बसतं. आवाजाचं म्हणाल तर आपल्याकडे आठ तासांना नव्वद डेसिबलची मर्यादा धरतात. जॅकहॅमर शंभराच्या पुढे असतो, आणि विहिरीत तो भिंतींवरून परत येतो. बाबा आता टीव्हीचा आवाज पूर्ण करून बसतात. फोनवर मी बोललेलं त्यांना कळत नाही, नातू बोलला तर अंदाजाने हो म्हणतात.

दोन वर्षांपूर्वी पांढरकवड्याच्या रस्त्यावर टायरचं काम करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याने मला त्याचं दुकान दाखवायला नेलं. नागपूर-हैदराबाद रस्त्यावर दिवसरात्र ट्रक. पोराने माझ्यासमोर मुद्दाम टाकीखालचा ड्रेन उघडला, चहासारखं पाणी गळून गेलं, मग कोरडी हवा आली तेव्हा बंद केला. "रोज सकाळी, सर." टाकी बाहेरून रंगवलेली असते आणि आतून तळाला पाण्याने गंजत पातळ होत जाते. ती फुटते तेव्हा तळातूनच फुटते. सेफ्टी व्हॉल्व्हची रिंग ओढून त्याने तीही चालते हे दाखवलं. मग मी त्याच्या नट खोलायच्या गनला लावलेला सॉकेट पाहिला. चकचकीत, हाताच्या पान्याचा. मी काही न बोलता तो काढला आणि त्याच्या हातात दिला. त्याला आठवलं. गनला काळा, जाड सॉकेट लागतो, गनच्या ठोक्यांसाठी बनवलेला. चकचकीत सॉकेट कडक असतो, ठोके खाऊन तडकतो आणि तुकडा गोळीसारखा जातो. "काळा वाला हरवला, सर. एक दिवस चालवून घेतला." मी त्याला तिथेच नवा घ्यायला लावला, पैसे मीच दिले, तो नको नको म्हणत होता. त्याच्या दुकानातली बाकी सगळी शिस्त मला इतकी आवडली होती की त्या एका सॉकेटवर ती वाया जावी असं मला सहन होईना.

मागच्या डिसेंबरात मी गावी गेलो होतो. पुतण्याने ट्रॅक्टर घेतला आहे, घरी लहानसा कंप्रेसर आणून ठेवलाय, गावातल्यांच्या चाकात हवा भरून देतो. सकाळची वेळ, बाबा ओसरीवर घोंगडी पांघरून, हात बगलेत घालून बसलेले. पुतण्याने चाक भरलं, कॉक फिरवला आणि नळीच्या जोडाला हात घातला.

"नळी!" बाबा ओरडले. त्यांचा आवाज आता स्वतःलाच ऐकू येत नसल्यामुळे फार मोठा निघतो. गोठ्यातली गाय दचकली.

पुतण्या थांबला. त्याने गन उचलली, तोंड जमिनीकडे केलं, घोडा दाबला. अंगणातली धूळ उडाली, फुस्स करत हवा निघत राहिली. बाबांना तो आवाज ऐकू येत नाही. घोंगडीतून मान पुढे काढून ते नळीकडे पाहत राहिले, तिचा ताठा उतरून ती जमिनीवर सैल पडेपर्यंत. मग त्याला म्हणाले, "दाबून पाह्य. मले तं आता बोटाले समजत नाई."